एकतिसावा चौकोन

टॉर्च धरायचं काम माझ्याकडे होतं.
ताकोराडीत वीज गेली की बहीण दरडावायची,
"हात हलवू नकोस, माझं नाक दोनदा दिसतं."
फोन मायलोच्या डब्याला टेकवलेला,
डबा कलंडू नये म्हणून आत समुद्राची वाळू.
मान्सा एकोणीस वर्षांची, अंगात उसना कोट,
कोटाखाली घरातली चड्डी,
आणि व्याजावर व्याज कसं चढतं ते सांगायची
फांते भाषेत, मध्येच इंग्रजीत, मध्येच नुसत्या हातांनी.

पहिल्या महिन्यात सतरा जणांनी पाहिलं.
त्यातला चार वेळा मीच.

आई सूसू गोळा करायची.
म्हणजे बाजारात रोजची फेरी, कमरेला पिशवी.
मिरचीवाली, धुरावर मासे सुकवणारी एकुवा मावशी,
टायरवाला तो बहिरा म्हातारा,
प्रत्येकाचं एक निळं कार्ड, कार्डावर एकतीस चौकोन,
रोज ठरलेले सेडी, रोज एक शिक्का.
शेवटी तीस चौकोनांचे पैसे ज्याचे त्याला परत,
एकतिसावा आईचा.
त्या एकेका चौकोनावर आम्ही दोघं शिकलो.

"आई, यात व्याज कुठंय?" मान्सा विचारायची.
"व्याज नाही," आई म्हणायची, "पण मी रोज येते ना."

हे वाक्य तेव्हा तिनं कुठल्याच व्हिडिओत घेतलं नाही.

तेविसाव्या वर्षी चार लाख माणसं तिला ऐकत होती.
कोट स्वतःचा.
टॉर्च जाऊन गोल दिवा आला, आणि मी त्या दिव्याचा हमाल.
चर्चमध्ये प्रवचनानंतर वीस मिनिटं तिची.
बायका वही घेऊन बसायच्या, पोरं मांडीवर,
आणि खर्च लिहिता लिहिता
नवऱ्याचे खर्च वेगळ्या पानावर काढायच्या.

मग सोन्याच्या कंपनीचा माणूस आला.
बुटांवर धुळीचा कण नव्हता;
आमच्या गल्लीतून चालत येऊनही नव्हता.
नव्वद सेकंद बोलायचं.
बदल्यात आमचं वर्षाचं भाडं.
"नऊ महिन्यांत दुप्पट," मान्सा बोलली, हसून बोलली.
दिवा मी धरला होता.
हात अजिबात हलला नाही.

आठव्या महिन्यात कचेरीला कुलूप.

एकुवा मावशीचे त्यात नव्या भट्टीचे पैसे होते,
आणि लेकीच्या नर्सिंगचे.
ती ओरडली नाही.
आली, बाकावर टेकली,
"तू सांगितलंस म्हणून," एवढंच बोलली
आणि नेहमीसारखे कागदात गुंडाळलेले मासे ठेवून गेली.
ते कुणी खाल्ले नाहीत.
घरभर तीन दिवस धुराचा वास.

अकरा आठवडे मान्सा गप्प होती.
काढून टाक तो व्हिडिओ, सगळे म्हणत, मीही म्हणालो.
तिनं काढला नाही.
वर एक ओळ घातली: हे मी पैसे घेऊन बोलले.
लाखभर माणसं निघून गेली.
उरलेली थांबली की विसरली, कुणास ठाऊक.

पुस्तक त्यानंतरचं.
आक्राच्या प्रकाशकाला पहिल्या प्रकरणात श्रीमंतीची पावलं हवी होती.
हिनं लिहिली भट्टी, लेक, कुलूप, मासे.
छापण्याआधी मावशीला सगळं वाचून दाखवलं.
मावशीनं डोळे मिटून ऐकलं
आणि एकच दुरुस्ती सांगितली:
"रक्कम कमी लिहिलीयस."

पहिली आवृत्ती संपली तेव्हा मान्सा पूर्ण पैसे घेऊन गेली, पाकिटात.
मावशीनं पाकीट परत सरकवलं.
"एकदम नको. रोज ये."

तर आता माझी बहीण,
जिच्या पुस्तकावर तिचाच कोटातला फोटो आहे,
सकाळी सहाला मासळीच्या धुरात उभी असते,
हातात निळं कार्ड.
मावशी पैसे मोजते, दोनदा मोजते,
आईचा जुना शिक्का शाईत दाबते.
तीस चौकोन असे भरतात.
एकतिसाव्या दिवशी मान्सा पैसे पुढे करते,
मावशी ते घेत नाही,
मान्सा ते परत नेत नाही.
फळीवर, मिठाच्या भांड्याखाली, ते तसेच पडून असतात.
तो चौकोन कुणाचा,
यावर दोघींचं अजून ठरलेलं नाही.